नातीचे लग्न आणि आजीची नखे

नखे रंगविण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. मेंदीने बोटांची टोके लाल करणाऱ्या आज्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. आता लग्नसराईत नाती आजीलाही पार्लरमध्ये घेऊन जातात आणि तेथे विचारणा होते, ‘ॲक्रिलिक करायचे की जेल?’ हा प्रश्न मग काहीशा संकोचाने दवाखान्यापर्यंत येतो. ‘या वयात शोभेल का?’ याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. ‘अपाय होईल का?’ याचे उत्तर मात्र वैद्यकशास्त्राला देता येते.

हे दोन्ही पदार्थ एकाच रासायनिक कुळातील आहेत. ॲक्रिलिकमध्ये भुकटी आणि द्रव एकत्र करून नखावर थर देतात. तो हवेतच घट्ट होतो. थर टणक असतो, परंतु त्याचा वास उग्र असतो. दम्याच्या रुग्णांना तो सोसत नाही. जेलला असा वास फारसा नसतो. ते अधिक लवचीक असते आणि अतिनील किरणांच्या दिव्याखाली घट्ट होते. ज्येष्ठांची नखे मुळात कोरडी व ठिसूळ असतात. त्यांना जड, लांब नखांपेक्षा आखूड नखांवरील साधे जेल पॉलिश अधिक सोयीचे, असे माझे मत आहे.

‘नखांना श्वास घेता येत नाही’ ही भीती मनातून काढून टाका. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. त्याच्या मुळाचे पोषण रक्तातून होते. खरी हानी बहुधा थर काढताना होते. सुटत आलेले जेल ओढून काढले, की नखाचे पापुद्रेही त्याबरोबर निघतात. बोटांचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, उतारवयात त्याहूनही सावकाश. त्यामुळे झीज भरून येण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. म्हणून ॲसिटोनने थर मऊ होऊ द्यावा. घाई करू नये.

दिव्याखाली हात अल्पकाळच असतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तरीही आधी सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे घालावेत. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी त्वचा प्रकाशाला अधिक संवेदनशील होते. अशी औषधे चालू असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मधुमेह असलेल्यांनी पार्लरमध्ये एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी: नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका. ती जंतूंना अडविणारी भिंत आहे. ती कापली गेली, की नखुरडे होण्याची भीती असते. अवजारे निर्जंतुक केली आहेत का, हे विचारण्यात संकोच कसला?

नखांभोवती खाज, लाली किंवा पुरळ आल्यास थर काढून टाकावा आणि पुन्हा लावू नये. ही ॲक्रिलेटची ॲलर्जी असू शकते आणि ती बहुधा जन्मभर राहते. दातांच्या काही साहित्यात तसेच गुडघेरोपणात वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्येही याच कुळातील रसायने असतात. म्हणून अशी ॲलर्जी असल्यास दंतवैद्यांना व शल्यचिकित्सकांना आठवणीने सांगावे.

नखे ही आम्हा डॉक्टरांची खिडकीही आहे. फिकेपणा, निळसरपणा, नखाखालील नवी काळी रेघ या खुणा रंगाआड दडतात. पल्स ऑक्सिमीटरचे मापनही काही वेळा चुकते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी थर काढावा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास प्रत्येक हाताचे एक बोट कायम मोकळे ठेवावे. रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागले तर ते उपयोगी पडेल.

शेवटी काळजीवाहकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांच्या थेट संपर्कात येणाऱ्या आरोग्यसेवकांनी कृत्रिम नखे वापरू नयेत असे सांगितले आहे, कारण हात धुतल्यावरही त्यांखाली जंतू राहतात. घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ असते. कूस बदलताना लांब नखाचा ओरखडाही जखम करतो आणि ती लवकर भरत नाही. स्वतःची हौस मारू नका. नखे आखूड ठेवा आणि साधे नेलपॉलिश लावा. त्याचे टवके उडू लागले, की ते पुसून टाका.