पंचाण्णवावे प्रेत : मध्ययुगीन इंग्लंडच्या रहस्यकथा का वाचाव्यात? (थ्रेड)

ऑगस्ट ११३८. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण सम्राज्ञी मॉड यांच्यात यादवी पेटली होती. वेल्सच्या सीमेजवळचा श्रूजबरीचा किल्ला स्टीफनने जिंकला आणि हाती लागलेल्या शिबंदीला फासावर चढवले. ऑर्डरिक व्हिटॅलिस या समकालीन इतिवृत्तकाराने मृतांचा आकडा ९४ च्या आसपास दिला आहे.

एलिस पीटर्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या ईडिथ पार्जेटर यांची ‘वन कॉर्प्स टू मेनी’ ही कादंबरी याच प्रसंगावर उभी आहे. मठातील वनौषधींचा जाणकार ब्रदर कॅडफेल प्रेतांना मूठमाती देण्यासाठी किल्ल्यात जातो, ती मोजतो आणि थबकतो. प्रेते ९५ भरतात! कुणीतरी आपला खून राजाच्या कत्तलीत दडवला आहे.

माझ्या मते या साहित्यप्रकाराचे खरे आकर्षण येथे आहे. चिलखतांत किंवा मठांच्या घंटानादात नव्हे. ९४ मृत्यूंचा जाब राजाला कोणी विचारत नाही. मग एकाच्याच खुन्याचा शोध कशासाठी? कादंबरी हा प्रश्न वाचकापुढे ठेवते आणि तो अवघडच राहू देते.

त्या काळच्या कायद्यालाही ‘मेला तो कोण?’ हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटे. नॉर्मन विजयानंतरचा दंडक असा : मारला गेलेला माणूस इंग्रज असल्याचे सिद्ध झाले नाही, तर तो नॉर्मन मानायचा आणि साऱ्या परगण्याने दंड भरायचा. ‘मर्ड्रम’ नावाचा हा दंड १३४० मध्ये रद्द झाला. पोलीसदल नव्हतेच. खून दिसला की हाकाटी करून गावकऱ्यांनीच पाठलाग करायचा. गुन्हेगार चर्चमध्ये शिरला, तर त्याला ४० दिवस आश्रय. पुढे गुन्हा कबूल करून देशत्याग. कॉरोनरचे पद ११९४ मध्ये आले, तेही बव्हंशी राजाच्या तिजोरीची काळजी वाहण्यासाठी. रहस्यकथाकाराला याहून सुपीक जमीन कोणती हवी? ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही; केवळ साक्षी, अफवा, शपथा आणि शेजाऱ्यांचे हेवेदावे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. कॅडफेल हा बाराव्या शतकाच्या झग्यातील विसाव्या शतकाचा सद्गृहस्थ आहे. त्याची सहिष्णुता कधीकधी फारच सोयीची वाटते. तेव्हा त्याच्या तोंडून त्या काळाचे मन जाणून घेऊ नये. घटनांची चौकट तेवढी घ्यावी आणि मग मूळ इतिवृत्तांकडे वळावे.

मालिकेत एकूण २० कादंबऱ्या आहेत. पहिली १९७७ ची ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’. तीत संत विनिफ्रेडच्या अस्थी वेल्समधून श्रूजबरीच्या मठात आणण्याची ऐतिहासिक मोहीम येते. ती चांगलीच आहे. पण मला विचाराल, तर सुरुवात दुसरीपासून करा. ती प्रेते मोजली जातात, तिथपासून.