आधी आधार, मग छायाचित्र

बारामती-इंदापूरचा मुलूख सपाट. उसाचे फड, नीरेचा कालवा, उजनीचे पसरलेले पाणी. नजर उंच जायची म्हटली तर साखर कारखान्याच्या धुराड्यापर्यंत. अशा प्रदेशात हयात घालवलेल्या एखाद्या आजींच्या मोबाइलवर लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावरून छायाचित्र येते. दोन कड्यांमध्ये दोर बांधलेला, खाली खोल दरी आणि दोराला लोंबकळणारी नात चक्क हसते आहे! नातीला कौतुक हवे असते. आजींच्या छातीत मात्र धस्स होते.

ही भीती स्वाभाविक आहे. पण छायाचित्र दरी जितकी ठळक दाखवते तितका आधार दाखवत नाही. कातळात ठोकलेले बोल्ट, एक सुटला तरी दुसऱ्याने भार घ्यावा म्हणून एकाहून अधिक ठिकाणी केलेली बांधणी, सोबतचा दुसरा दोर, कमरेचा हार्नेस, पलीकडच्या टोकाला उभे असलेले जाणते सहकारी, यांतले बरेचसे चौकटीबाहेर राहते. दोराला पडलेला झोळ पाहूनही पुष्कळजण घाबरतात. वास्तविक तो झोळ हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. वाळत घालायची दोरी फार ताणून बांधली आणि तिच्यावर ओली गोधडी टाकली, तर खिळाच उपटून येतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तोच नियम येथेही लागू पडतो. भार मध्यावर असताना दोर आडव्या रेषेपासून जेमतेम ५ अंश खाली झुकला, तर त्यावरचा ताण माणसाच्या वजनाच्या साडेपाच पटींहून अधिक होतो. ३० अंश झुकला, तर तो वजनाइतकाच राहतो.

म्हणून नातीला ‘पुन्हा जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी विचारावे : दोर किती होते? बांधणी कोणी तपासली? हेल्मेट होते ना? अशा प्रश्नांनी काळजीही पोहोचते आणि संवादही तुटत नाही.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : हे छायाचित्र काढणारा कोठे उभा होता?

दरी ओलांडणाऱ्याचे सारे लक्ष दोराकडे असते आणि त्याला बांधलेलेही असते. छायाचित्रकार मात्र कड्याच्या काठावर, एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याला लावून उभा असतो. चौकटीत सगळे नीट यावे म्हणून तो नकळत एक पाऊल पुढे किंवा मागे टाकतो. पायाखाली काय आहे, हे त्या क्षणी त्याला दिसत नसते. यासाठी काठाजवळ जाण्यापूर्वी त्याने हार्नेस चढवून स्वतःला स्वतंत्र दोराने कातळाशी बांधून घ्यावे, कॅमेऱ्याचा पट्टाही अडकवावा आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावावा, अशी शिस्त आहे. जागा बदलायची तर आधी कॅमेरा खाली घ्यायचा.

ही शिस्त आपल्या वयाला कड्याविनाही लागू आहे. तोल सांभाळण्यासाठी डोळे, कानाच्या आतील तोलेंद्रिय आणि तळपायांची संवेदना ही तिन्ही एकत्र काम करतात. वय वाढले की, विशेषतः मधुमेह असल्यास, पायांची संवेदना मंदावू शकते आणि डोळ्यांवरची भिस्त वाढते. नेमक्या तेव्हाच आपण चालता चालता मोबाइल पाहू लागलो, तर उरलेला आधारही काढून घेतल्यासारखे होते.

लक्ष विभागले जाण्याचाही प्रश्न आहे. १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील ५८ वृद्धांचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. चालत असताना कोणी बोलू लागताच त्यांपैकी १२ जण थांबले. पुढील ६ महिन्यांत या १२ जणांतले १० जण पडले. थांबणे हा दोष नव्हे. नुसते चालण्यासाठीच सारे लक्ष खर्ची पडत असल्याची ती खूण आहे. घरात अशी खूण दिसली, तर काळजीवाहकाने घाई करू नये, मागून हाक मारू नये, वडीलधाऱ्यांचे बोलणे संपेपर्यंत आपणही थांबावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

फोन वाजला की उठून धावू नये. तो पुन्हा वाजेल. दिवसा बसण्याच्या जागी आणि रात्री उशाशी, हाताच्या अंतरावर तो ठेवावा. उजनीच्या काठी रोहित पक्षी पाहायला गेलात, तर नावेत बसूनच छायाचित्र घ्यावे; थवा उडाला तरी उभे राहण्याचा मोह टाळावा. अंगणात नातवंडांचे छायाचित्र काढताना मागे सरकण्याऐवजी त्यांनाच पुढे-मागे व्हायला सांगावे. आणि पाठीला खुर्ची असेल, तर हातही कापत नाही, चित्रही स्वच्छ येते.