डाव्या हाताची सिंधू

सिंधू पाहून आलो, असे आम्ही गेली दोन वर्षे सांगत होतो. लेहहून निघून खालत्सेपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आम्ही तिघा प्राध्यापकांनी एका दिवसात केला, परतल्यावर त्यावर रीतसर लेख लिहिला आणि प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना तो वर्गात वाचूनही दाखवला. वाचन संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, यात थांबे आहेत. नदी कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांला देता आले नाही. प्रस्तुत टिपण हे त्या उशिराच्या उत्तराचा प्रयत्न आहे.

लेख वस्तुतः वाईट नव्हता. पत्थर साहिबचा गुरुद्वारा, दृष्टिभ्रमाने गाडी चढावर ओढली जाते असे वाटायला लावणारी मॅग्नेटिक हिल, निम्मू येथे झंस्कार आणि सिंधू यांचा दोन रंगांचा संगम, सतराव्या शतकात दीर्घ वेढा सोसलेला बास्गोचा किल्ला, आणि आल्ची येथील मठातील काश्मिरी वळणाची प्राचीन भित्तिचित्रे. सारे काही क्रमवार आले होते. आल्चीच्या मंदिरांत छायाचित्रणाला मनाई असल्याने तेथे आम्ही डोळ्यांनी पाहिले, हा विनोदही साधला होता. परंतु दोन थांब्यांच्या मधली नदी लेखातून गळाली होती. जाताना ती सतत डाव्या हाताला होती, कधी दिसत, कधी पठाराआड जात. आमच्या लेखीही ती डावीच ठरली.

'पॉइंट' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की त्यामागची दृष्टी आपल्याला खटकत नाही. सहलीचे वेळापत्रक 'पॉइंट' मोजते हे एक वेळ क्षम्य आहे. पण प्रवासवर्णनाने तोच आराखडा उचलावा, याला आमचा आक्षेप आहे. कारण हा आराखडा निरागस नाही. काय पाहायचे हे तो ठरवतोच, शिवाय काय विचारायचे नाही हेही ठरवतो.

उदाहरण आमचेच देतो. सस्पोलजवळ गाडीचे चाक बदलण्यासाठी अर्धा तास थांबावे लागले. रस्त्यालगत जर्दाळूची बाग होती आणि तिच्यातून मनगटाएवढ्या रुंदीचा पाट वाहत होता. बागेतल्या वृद्ध आमा-लेंना आम्ही चालकामार्फत विचारले, हे पाणी सिंधूचेच ना? त्या हसल्या आणि त्यांनी नदीकडे पाठ करून मागच्या डोंगराकडे बोट दाखवले. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शीत वाळवंटात बहुतेक गावांची शेती सिंधूवर नव्हे, तर वरच्या बर्फातून उतरणाऱ्या लहान ओढ्यांवर चालते. सिंधू खोल वाहते. गावे वर आहेत. पाटाचे पाणी कोणाला केव्हा द्यायचे हे ठरवणारा 'चुरपोन' गावात नेमला जातो. पेरणीच्या सुमारास वरचा बर्फ पुरेसा वितळलेला नसतो, हीच खरी अडचण. चेवांग नोर्फेल यांच्या कृत्रिम हिमनद्या आणि सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात प्रथम उभारलेला हिमस्तूप हे त्याच अडचणीवरचे उपाय. इकडे लेहमध्ये पर्यटक वाढले, हॉटेले वाढली, तशा कूपनलिकाही वाढल्या. म्हणजे ज्या पाण्याचे दर्शन घ्यायला आम्ही गेलो ते एक होते, आणि हॉटेलात ज्याने आंघोळ केली ते दुसरे.

हा अर्धा तास आमच्या लेखात नव्हता. तो 'पॉइंट' नव्हता ना!

कोणी म्हणेल, चार दिवसांच्या रजेत आलेल्या माणसाकडून तुम्ही परिक्रमेची अपेक्षा करता काय? मुळीच नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवून पायी चालण्याची परंपरा आणि तिच्यातून मराठीत आलेले लेखन आपल्यासमोर आहे. तो मार्ग सर्वांचा नव्हे. पण वरसईचे गोडसे भटजी तरी कोठे नदी पाहायला निघाले होते? घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवायला 1857 साली ते उत्तरेस गेले, बंडाच्या वावटळीत सापडले आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घेऊन आले. 1907 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'माझा प्रवास' आजही वाचवतो, कारण त्यात स्थळांपेक्षा ओझे अधिक आहे. पाण्याचे वजन त्यांना ठाऊक होते.

म्हणून विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन लिहायला सांगताना आम्ही आता एक अट घालतो. कोणत्याही दोन प्रेक्षणीय स्थळांच्या मधल्या वाटेवर एक परिच्छेद हवा, आणि त्यात कोणाला तरी विचारलेला एक प्रश्न हवा. अट यांत्रिक आहे, हे मान्य. अटीने साहित्य निर्माण होत नाही, हेही मान्य. पण निदान आपण काय ओलांडून आलो, याची नोंद तरी राहते.

जिच्या नावावरून एका देशाला नाव मिळाले त्या नदीकाठाने आम्ही दिवसभर गेलो आणि तिची पाच छायाचित्रे घेऊन आलो. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला आम्ही परवा एवढेच सांगितले: नदी लेखात नव्हती, कारण आम्ही तिच्या काठी होतो आणि आमचे लक्ष पुढच्या थांब्याकडे होते. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. काय, ते मात्र आम्ही विचारले नाही.