तुळस लावा म्हणणाऱ्यांना



कापूस-ज्वारी परवडत नाही तर तुळस लावा, असं सांगणारे हल्ली गावोगाव भेटतात. त्यांनी आधी वसई-विरार पाहून यावं. तिथला बागायतदार मोगरा-चाफ्याच्या जोडीला तुळस करतो आणि पहाटेच्या लोकलने माल दादरच्या फूलबाजारात नेतो. देवाला हार, नैवेद्यावर पान, खोकल्याला काढा, कार्तिकात तुळशीचं लग्न. मुंबईत तिला रोज गिऱ्हाईक आहे. वसईकराच्या विहिरीला पाणी आहे, दारात रेल्वे आहे.

आपल्याकडे काय आहे? बियाण्याचा खर्च नाही, हे खरं. बी बारीक, वाफ्यात रोप केलं तर हेक्टरला पाव किलोच्या आसपास पुरतं. लागणीनंतर साधारण तीन महिन्यांनी पहिली कापणी, ती पावसावर निघेल. पुढच्या कापण्या दोन-अडीच महिन्यांनी, आणि त्या पाण्यावर. ओला पाला यवतमाळहून दादरला पोचेपर्यंत काळा पडणार. तेल काढावं तर शंभर किलो ओल्या पाल्यातून बहुधा अर्धा किलोही हाती येत नाही. वर भट्टी कोणाची, जळण कोणाचं?

राहिला वाळवलेला पाला. तो टिकतो, पण घेणारा एकच असला तर भाव तोच ठरवणार. १९७२ च्या कापूस एकाधिकारात एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, ते आपण भोगलंय. सफेद मुसळीतही अनेकांचे हात पोळले. करायचीच असेल तर विहिरीजवळ चार-पाच गुंठ्यांत करा, आणि रोप टाकण्याआधी भाव, वजन व पैशाची तारीख कागदावर घ्या. सल्ला देणारा सही करायला कचरला, तर कापूसच पेरा.