वॉरंटी, मॅन्युअल आणि मागे बांधलेली गाडी

पुण्या-मुंबईत टोइंग म्हटलं की नो-पार्किंगमधून आपली गाडी उचलून नेणारा टेम्पो आठवतो. अमेरिकेत ह्याच शब्दाला एक हौशी अर्थसुद्धा आहे. हायवेवर बसएवढं मोटारहोम (म्हणजे चाकांवरचा वन बीएचके) चाललेलं असतं आणि त्याच्या मागे लोखंडी दांड्याने जोडलेली एक रिकामी गाडी चारही चाकांवर पळत असते. आत ड्रायव्हर नाही! ह्याला म्हणतात फ्लॅट टोइंग. कारण साधं आहे. कॅम्पग्राउंडवर एकदा पाणी आणि वीज जोडून बस्तान बसवलं, की दुधाची पिशवी आणायला ते धूड कोण हलवणार? म्हणून छोटी गाडी सोबत न्यायची.

आता हौस आली की पाठोपाठ प्रश्न येतो, "वॉरंटी जाते का हो?" माझं स्पष्ट मत असं की हा प्रश्नच चुकीच्या जागी सुरू होतो. आधी गिअरबॉक्सला विचारा, मग मॅन्युअलला, आणि वकिलाला सगळ्यात शेवटी.

साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. गाडी ओढत नेताना इंजिन बंद, पण चाकं गरागरा फिरतायत. म्हणजे आतले भाग फिरणार आणि तेल मात्र नीट पोचणार नाही. असे दोनशे मैल गेलात तर काय होईल ते सांगायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. जीप रँग्लरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकता येते, त्यामुळे चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. म्हणून तर ती ह्या मंडळींची लाडकी. टेस्लाचं उलट. चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते आणि तापते, त्यामुळे चाकं जमिनीवर ठेवून ओढायला कंपनीची साफ मनाई.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका. होंडा सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत ओढता यायची. इंजिन चालू करून गिअर ठराविक क्रमाने फिरवा, ६५ मैलांच्या वर जाऊ नका, असं मॅन्युअलमध्येच होतं. २०१५ ला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि परवानगी गेली. नाव तेच, पण नव्या व्हर्जनमध्ये फीचर गायब. आपल्या धंद्यात हे रोजचंच आहे!

आता कायदा. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा म्हणतो की दुसऱ्याचा पार्ट बसवला एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना इशारेवजा पत्रंही धाडली. म्हणजे टो बारसाठी पुढे बेस प्लेट बसवली म्हणून बिघडलेल्या एसीची वॉरंटी बुडत नाही. इथवर पब्लिक बरोबर सांगतं. पण पार्ट बसवणं वेगळं आणि मॅन्युअलने नको म्हटलेलं करणं वेगळं. ओढल्यामुळेच गिअरबॉक्स जळला, तर हा कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. बिल हजारो डॉलरचं आणि सगळं तुमच्या खिशातून.

आमच्या टीममधल्या एका सीनियरने रिटायरमेंटच्या तोंडावर जुनं मोटारहोम घेतलं. त्याच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीबद्दल सेल्समन म्हणाला, "न्यूट्रलमध्ये टाका आणि निघा." मी म्हटलं, हेच वाक्य ईमेलवर माग. ईमेल आजतागायत आलेलं नाही. मॅन्युअल उघडलं तर एका ओळीत लिहिलेलं, चारही चाकं जमिनीवरून उचलूनच न्यावी. त्याने मुकाट्याने ती गाडी घरी ठेवली. नाहीतर बिचाऱ्याची साठवलेली पुंजी पहिल्याच ट्रिपमध्ये धुरात गेली असती.

"आम्ही दहा वर्षं ओढतोय, काही झालं नाही" म्हणणारेही भेटतात. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' ह्याचाच हा भाऊ.

पण सगळा दोष गिऱ्हाइकाचा नाही. ही माहिती मॅन्युअलच्या पोटात कुठेतरी, आणि तीही "शिफारस केली जात नाही" अशा गुळमुळीत भाषेत. म्हणजे नक्की काय? टेस्ट केलं नाही, की टेस्ट केलं आणि मोडलं? नव्या गाडीच्या काचेवर मायलेज छापावंच लागतं. तिथेच आणखी एक ओळ छापा, 'चार चाकांवर ओढता येते / येत नाही'. शाईचा खर्च कितीसा?

तोवर काम आपलंच. गाडी घेण्याआधी नेमक्या त्याच वर्षाचं, त्याच गिअरबॉक्सचं मॅन्युअल उघडा आणि 'रिक्रिएशनल टोइंग' शोधा. तोंडी "चालेल" ला किंमत शून्य, लेखी घ्या. ओढली जाणारी गाडी थांबवायला वेगळे ब्रेक बसवा आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा. कंपनीने जो शब्द दिलाच नाही, तो मोडला म्हणून उद्या भांडणार तरी कोणाशी?