पहिले वाक्य कोणासाठी?

भाषणाची सुरुवात कशी करावी हे शिकविणाऱ्या पुस्तिकांना आणि शिबिरांना हल्ली तोटा नाही. तरुण असतील तर विनोद सांगा, शिक्षक असतील तर सुभाषित, महिलामंडळ असेल तर एखादी हृदयद्रावक कथा, असे तयार तोडगे त्यांत असतात. हे लोण आता आपल्या धर्मग्रामांत, थेट मिस्सातील प्रवचनापर्यंत येऊन पोचले आहे. वेदीजवळून 'गुड मॉर्निंग' म्हणायचे, प्रतिसाद क्षीण आला की 'आवाज आला नाही' म्हणून पुन्हा वदवून घ्यायचे, याला श्रोत्यांची पकड घेणे म्हणतात. आम्ही याला हजेरी घेणे म्हणतो.

विनोदाशी आमचे वैर नाही. आमचा आक्षेप असा की, या तोडग्यांत श्रोत्याचे वय आणि व्यवसाय विचारात घेतला जातो; तो आज घरून काय सोसून आला आहे, हे कोणी विचारीत नाही.

लातूर-नांदेडकडे आपली माणसे थोडी आणि विखुरलेली. येथे निव्वळ ख्रिस्ती सभा क्वचितच भरते. एखाद्या गावी मयत झाली की भावकी, शेजारी, ज्याच्या शेतात राबला तो मालक, मुसलमान मित्र असे सगळे जमतात. देगलूर-बिलोलीकडे त्यांत तेलुगू बोलणारे असतात, उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारे. अशा वेळी धर्मगुरू सवयीने 'ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो' म्हणतो आणि पहिल्या तीन शब्दांतच निम्म्याहून अधिक मंडळींना अंगणाबाहेर उभे करतो. तिरडीला खांदा त्यांनीही दिलेला असतो!

किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन करून नुकतीच निजलेली गावे भूकंपाच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे मेली. ती कशाने मेली? दगडमातीच्या जाड, अवजड भिंतींनी. त्या औसा तालुक्यात जाऊन खडकावर बांधलेल्या घराच्या दृष्टांताने धडाक्यात प्रवचन सुरू करणाऱ्याने क्षणभर थांबावे. दृष्टांत प्रभूचाच आहे, तो सांगावाही. पण ज्या आजीने दगडांखालून आपले लेकरू काढले, तिला त्याचे पहिले वाक्य कसे ऐकू येईल? उलट, २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भर दुपारी विहिरीवर घागर घेऊन आलेल्या शोमरोनी स्त्रीपासून सुरुवात केली, तर लक्ष वेधण्यासाठी दुसरे काही करावेच लागत नाही.

या कलेचा खरा गुरू संत पौल. प्रेषितांची कृत्ये उघडून पाहावी. पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात यहुदी श्रोत्यांपुढे तो इस्राएलच्या इतिहासापासून सुरुवात करतो. लुस्त्र येथे गावकरी त्याला आणि बर्णबाला देव समजून बैल कापायला निघतात, तेव्हा तो मोशेचे नावही घेत नाही. पाऊस आणि सुगी यांविषयी बोलतो. अथेनैच्या विद्वानांपुढे त्यांच्याच नगरात पाहिलेली अज्ञात देवाची वेदी त्याला पुरते. यरुशलेमेत खवळलेला जमाव शांत होतो तो त्याने त्यांची बोली उच्चारताच. अथेनैतील ते वाक्य त्याला आयते सुचलेले नाही. तो आधी ते शहर पायी हिंडला होता.

आपल्या महाराष्ट्रात हे गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) करून दाखविले. बाबा दिवसा गावचे रस्ते झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाची सुरुवात कोणती म्हणावी? आम्ही तर खराट्यालाच पहिले वाक्य मानतो. मग ते लोकांना साधे प्रश्न विचारीत आणि लोक उत्तरे देत. शिबिरांतून शिकविला जातो तोही प्रश्नच. पण बाबांच्या प्रश्नामागे त्या गावची धूळ होती.

काही सज्जन म्हणतील, देवाच्या शब्दाला असल्या तयारीची गरज काय, पवित्र आत्मा बोलवील ते बोलावे. ही भक्ती नव्हे, हा आळस आहे. संत ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास देओग्रातियास या दीकनासाठी धर्मशिक्षणावर एक छोटा ग्रंथच लिहिला. विद्वान श्रोता, खेडूत श्रोता, कंटाळलेला श्रोता, प्रत्येकाचा त्यात विचार आहे. उभा राहून थकलेल्याला बसायला आसन द्यावे, इतका बारकावा त्या महापंडिताला सुचला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ मधील 'एव्हान्जेली गाउदियुम' या पत्रात प्रवचनाला बरीच जागा दिली आणि लोकांचे ऐकून घेतल्यावाचून बोलू नये, असे बजाविले. सेमिनरीत प्रवचनाची बांधणी शिकवितात. ओसरीवर बसायला मात्र तेथे कोणी शिकवीत नाही.

मयतीच्या घरी धर्मगुरूने तासभर आधी जावे. झगा पिशवीतच असू द्यावा. चहा मिळाला तर घ्यावा, आणि मेलेला माणूस कोणाच्या शेतात किती पावसाळे राबला, त्याच्या हाताची कोणती विहीर अजून पाणी देते, हे म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे. मग उभे राहून आधी त्याचे नाव घ्यावे आणि ती विहीर सांगावी.