मराठवाड्याच्या अवर्षणाचे दप्तर उपसागराच्या तळाशी

बिलोली - दुष्काळ मराठवाड्याच्या पाचवीला पुजलेला, असे म्हणण्याची रीत आहे. त्याची मोजदाद मात्र हवामान खात्याच्या नोंदींवर होते आणि ते खाते १८७५ सालचे. त्याहून जुने दप्तर बंगालच्या उपसागरात आहे. येसगीजवळून वाहणारी मांजरा पुढे कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. या खोऱ्यातील काळी माती हजारो वर्षे पुराबरोबर समुद्रतळाशी साचत आली आहे.

२००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर या गाळाचा उभा नमुना काढण्यात आला. अमेरिकेतील वूड्स होल संस्थेचे कॅमिलो पाँटन, लिव्हिऊ जिओसान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे वाळूच्या कणाएवढी. नदीचे गोडे पाणी कमी आले की समुद्र खारट होतो आणि कवचातील जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. गेल्या ३,००० वर्षांत, विशेषतः १,७०० वर्षांपूर्वीनंतर, असे तीव्र खारटपणाचे काळ वारंवार आले. पानांवरील मेणाचे अवशेषही तेच सांगतात : सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या.

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ते संकट अपवादात्मक मानले गेले. गाळाची साक्ष तशी नाही. धरणांचे व उसाचे हिशेब ज्या सरासरीवर मांडले जातात, ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे.